इंग्रजीचा तास, पण कोणत्या वर्गावर?

केंद्राच्या शिक्षण परिषदेला चार शिक्षिका एकत्र आल्या, चहा झाला, बदल्यांचं आणि ऑनलाइन माहिती भरण्याचं रडगाणं गाऊन झालं, की एक विषय हमखास निघतो. कोणत्या वर्गाला शिकवायला मजा येते? इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंकडून बहुधा दोनपैकी एक उत्तर येतं. ‘पहिली-दुसरीची पिल्लं! गाणं म्हणा, नाचा, तास कधी संपला कळत नाही.’ नाहीतर, ‘दहावी. त्रास आहे बाई, पण निकाल लागला की गावात नाव होतं.’ पाचवी, सहावी, सातवीचं नाव सहसा कुणी घेत नाही. हे वर्ग म्हणजे शाळेतलं मधलं पोर. थोरल्याचं कौतुक, धाकट्याचे लाड, आणि मधल्याला ‘तू तेवढी पाण्याची घागर भरून आण.’

वरवर पाहता हा गप्पांचा विषय. पण आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात त्याच्या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून आहे. जो वर्ग आवडतो, त्या वर्गावर बाई जीव ओततात. ज्या वर्गाकडे कुणाचंच लक्ष नाही, तिथे पोरं मागे पडतात. आणि इंग्रजीत मागे पडलेली मुलगी दहावीला अडकली, की तिच्या घरात पुढच्या वर्गाची नाही, पाहुण्यांच्या येण्याची चर्चा सुरू होते. म्हणून हा प्रश्न आज जरा नीट विचारू या.

पिल्लांचा वर्ग

पहिलीच्या वर्गाची गंमत खोटी नाही. सहा वर्षांच्या पोराला लाज नसते. ‘स्टँड अप’ म्हटलं की उभं, ‘सिट डाउन’ म्हटलं की धपकन खाली. चुकलं तरी हसतं, बरोबर आलं तरी हसतं. नवा उच्चार पकडण्यात तर लहान कान मोठ्यांपेक्षा पुढेच असतो.

२००० सालच्या जूनपासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. त्याआधी मराठी शाळेतल्या पोराला एबीसीडी थेट पाचवीत भेटायची. त्या निर्णयावर तेव्हा खूप वाद झाले. पण त्यामागचा सवाल रास्त होता. पुण्या-नागपूरच्या मुलाला जे तिसऱ्या वर्षी मिळतं, ते खेड्यातल्या मुलाला दहाव्या वर्षी का? हा सवाल आजही रास्तच आहे. आपली लेकरं कॉन्व्हेंटात घालायची आणि आदिवासी पाड्यावरच्या आईला मात्र ‘मातृभाषाच बरी हो’ असं सांगायचं, हा दुटप्पीपणा आपण करायचा नाही.

पण आपल्याकडचं पहिलीचं पोर शाळेत येतं ते कोणती भाषा घेऊन, हेही पाहायला हवं. भामरागड, एटापल्लीकडे घरात माडिया. धानोऱ्याकडे गोंडी. सिरोंच्यात तेलुगू. मुलचेरा, चामोर्शीच्या बंगाली वसाहतींत बंगाली. कोरचीच्या सीमेवर छत्तीसगढी. बल्लारपूरच्या गल्ल्यांत हिंदी. आणि ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरीकडच्या ‘मराठी’ पोराच्या घरात झाडीबोली. ‘मले भूक लागली’ म्हणणाऱ्या पोराला पुस्तकातलं ‘मला’सुद्धा पाहुण्यासारखंच. म्हणजे त्याची पहिली परकी भाषा पुस्तकी मराठी. ती अंगवळणी पडायच्या आत दुसरी परकी भाषा दारात उभी. घरी जे ‘एर’, ते शाळेत ‘पाणी’ आणि पुढच्या तासाला ‘वॉटर’!

अशा वर्गात गाणं जोरात चालतं. पण आवाज मोठा आला म्हणजे समजलं, असं नसतं ना. गाणं मध्येच थांबवून एखाद्याला ‘दारावर बोट ठेव’ म्हणा, की निम्मा वर्ग शेजारच्याकडे बघतो. आणि दिवाळीची सुट्टी संपवून आलेल्या पोरांना विचारलं, तर तेही गेलेलं असतं. बाईंना मजा आली, पोरांनाही आली. पण बाईंची मजा आणि पोरांचं शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘लहानपणीच भाषा लवकर येते’ हे आपण सगळ्याच म्हणतो. ते कुठे खरं? जिथे दिवसभर ती भाषा कानावर पडते तिथे. आणि तिथेसुद्धा पूर्ण खरं नाही. नेदरलँड्समध्ये राहायला आलेली इंग्रजी बोलणारी मुलं आणि मोठी माणसं डच भाषा कशी शिकतात, याचा अभ्यास दोन संशोधक बाईंनी केला. कॅथरिन स्नो आणि मारियन हुफनागेल-होले. तो १९७८ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या महिन्यांत सगळ्यांत वेगाने शिकली ती बारा ते पंधराची मुलं आणि मोठी माणसं. तीन ते पाच वर्षांची पिल्लं चाचण्यांत सगळ्यांच्या मागे होती. पुढे स्पेनमधल्या बार्सिलोनात कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेत इंग्रजी शिकणारी मुलं तपासली. आठव्या वर्षी सुरू केलेली आणि अकराव्या वर्षी सुरू केलेली. दोघांचे तास सारखे मोजले, तेव्हा अकराव्या वर्षी सुरू करणारी पुढे निघाली. आपली स्थिती या बार्सिलोनासारखी आहे. इंग्रजी काय ती शाळेतल्या तासापुरती, घंटा वाजली की संपली.

आणि एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्या हेमलकशाचंच पाहा ना. बाबा आमट्यांनी १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहिले, आणि १९७६ मध्ये शाळा सुरू झाली. माडिया पोरं आली ती मराठीचा गंध नसलेली. त्या काळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. तरी त्या शाळेतून शिकलेली मुलं पुढे डॉक्टर झाली, शिक्षक झाली. इंग्रजी उशिरा सुरू झालं म्हणून त्यांची वाट अडली नाही. वाट मोकळी झाली, कारण त्यांच्या भाषेला न हसणारी माणसं त्यांना शिकवत होती. पुढे त्याच शाळेत समीक्षा आमटे यांनी लहानग्यांसाठी माडिया भाषेतली पुस्तकं तयार करण्याचं काम हाती घेतलं. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने तर २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली. पहिल्या वर्गात कोणती भाषा आधी हवी, हे त्या गावाने आपल्या परीने सांगून टाकलं.

‘बाई, हे असं काऊन?’

आता मधल्या पोराकडे वळू. मला विचाराल, तर इंग्रजी शिकवायची खरी मजा पाचवी ते सातवीत आहे. दहा ते तेरा वर्षांचं वय. या पोरांना मराठी वाचता येऊ लागलेली असते. नाम काय, क्रियापद काय, हे कानावरून गेलेलं असतं. शब्दाचा अर्थ सांगायला बाईंना माकडासारखं नाचावं लागत नाही. आणि तरी मिसरूड फुटायची असते, ओढणी सावरायची नसते. हात वर करायची लाज अजून आलेली नसते.

या वयाचा सगळ्यांत मोठा गुण म्हणजे प्रश्न. ‘पी यू टी पुट, मग बी यू टी बट. बाई, हे असं काऊन?’ पहिलीचं पोर हे विचारत नाही, कारण त्याला सुचत नाही. दहावीचं पोर विचारत नाही, कारण ‘हे परीक्षेला आहे का’ एवढंच त्याला हवं असतं. सहावीचं पोर विचारतं आणि उत्तर मिळेपर्यंत सोडत नाही. बाईंनी फळ्यावर स्पेलिंग चुकवलं, तर ते पकडण्यात त्याला जो आनंद होतो, तो पाहण्यासारखा असतो. अशा वर्गावर तयारी करून जावं लागतं. आणि तयारी करून गेलेल्या बाईंना मजा येतेच.

शिवाय या पोरांना आपल्या जंगलाची पक्की ओळख झालेली असते. त्यावर इंग्रजी चढवायला वेळ लागत नाही. त्यांना सांगा, इंग्रजीतला ‘मंगूस’ म्हणजे आपला मुंगूस. हा शब्द इंग्रजांनी मराठीतूनच उचलला. ‘जंगल’ हा शब्दही त्यांनी आपल्याकडूनच नेला. घुशीला ते ‘बँडिकूट’ म्हणतात, तो तेलुगूतला ‘पंदिकोक्कु’. सागाला ‘टीक’ म्हणतात, तो शब्द दक्षिणेकडच्या भाषांतून गेला. सिरोंच्याचं पोर लगेच सांगेल, ‘आमी तं टेकुच म्हणतो!’ सांबर आणि चितळ तर इंग्रजी पुस्तकातही सांबर आणि चितळच. हे ऐकल्यावर पोरांच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते एकदा अनुभवून बघा. इतके दिवस त्यांना वाटत असतं, इंग्रजी म्हणजे साहेबाघरची गोष्ट, आपण दारात उभं राहून बघायची. घरातल्या चार वस्तू आपल्याच निघाल्या, की उंबरा ओलांडायची भीती जाते.

या वयात वहीपेक्षा वस्तू कामाला येतात. बिस्किटाच्या पुड्यावरचं वाचा. खताच्या पोत्यावरचं वाचा. मोबाइलच्या पडद्यावर ‘डिलीट’ आणि ‘ओके’ आलं, तर दोन्हींत फरक काय ते सांगा. बापाचं शेतीचं औषध, त्यावरचा ‘पॉयझन’ हा शब्द सहावीच्या मुलीला वाचता आला, तर एखादे वेळी घरातला जीव वाचेल. आहे का यापेक्षा मोठी परीक्षा?

पण नेमकं याच वयात आपल्याकडे काय होतं? पुष्कळ गावांत शाळा चौथी-पाचवीपर्यंतच. पुढे दुसऱ्या गावची शाळा, नाहीतर आश्रमशाळा. आई सुटते, गाव सुटतं, बाई सुटतात. जुलै-ऑगस्टात रोवणी लागली की मोठी मुलगी धाकट्याला सांभाळायला घरी राहते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला जाते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. आणि नव्या शाळेत इंग्रजीला स्वतंत्र शिक्षक असेलच, असं नाही. ज्यांचा विषय नाही तेही बिचारे तास उरकतात. फळ्यावरून प्रश्नोत्तरं उतरवून घ्या, पाठ करा. जे वय प्रश्न विचारायचं, त्या वयात आपण पोरांना उत्तरं उतरवायला बसवतो.

ओढणीआडचं इंग्रजी

आठवीला दृश्य पालटतं. कालपर्यंत पहिल्या बाकावरून ओरडणारी मुलगी आज तोंडाला ओढणी लावून खाली बघते. उच्चार चुकला तर मागून मुलगे हसतील, हीच धास्ती. इंग्रजी येत नाही असं नाही. चूक झाली तर काय, या भीतीने ती तोंडच उघडत नाही. भाषा तर चुकत चुकतच येते. मग चुकायची लाज वाटू लागल्यावर ती शिकायला घ्यायची, की त्याआधी?

नववी-दहावीत शिकवणाऱ्या बाईंना मी मानते. पाचवी ते आठवीत राहून गेलेलं सगळं त्यांच्या ओंजळीत येऊन पडतं. लेखी ८० गुणांचं, हाती वर्ष एकच. मग गाइड, हमखास येणारे प्रश्न, पाठ केलेलं पत्र. बाईंची चूक नाही. पण यात मजा कुठून येणार? तरीही या वयातली एक जागा आहे, आणि ती आपल्या मातीतच आहे. झाडीपट्टीची पोरं ही. दिवाळी झाली की वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात, रात्रभर नाटक बघून सकाळी पोरं संवाद जसेच्या तसे म्हणतात. या पोरांना इंग्रजीत पाच मिनिटांचा प्रवेश बसवायला द्या. दुसऱ्याचा मुखवटा चढवला की लाज पळते. ओढणीमागची मुलगी पोलीस इन्स्पेक्टर होऊन ‘हू आर यू?’ असं दरडावते, तेव्हा सगळा वर्ग दचकतो.

मानव विकासची निळी बस आली, सायकली आल्या, म्हणून आपल्या मुली बारावीपर्यंत जाऊ लागल्या. हे फार मोठं काम झालं. पण बस शाळेच्या दारापर्यंत नेते. दहावीला इंग्रजी, बारावीलाही इंग्रजी सक्तीचं, नर्सिंगला जावं तर पुस्तकं इंग्रजीत. हे दार बस उघडू शकत नाही. ते सहावीच्या वर्गातच उघडावं लागतं.

आणि चाळिशीतली विद्यार्थिनी?

तुम्ही म्हणाल, आमचं वय तर गेलं. मुळीच नाही. ताडोबाच्या गेटांवर आजूबाजूच्या गावांतल्या बायका गाइड म्हणून काम करतात. चुलीच्या लाकडांसाठी जे जंगल पायाखालचं झालं, तेच आता पाहुण्यांना समजावून सांगतात. रानगवा म्हणजे ‘गौर’, अस्वल म्हणजे ‘स्लॉथ बेअर’, हे त्या कुठल्या व्याकरणातून शिकल्या नाहीत. जिप्सीत बसलेल्या पाहुण्याने विचारलं, आणि सांगायचं होतं, म्हणून शिकल्या. गरज असली की मोठ्या माणसाला भाषा येते, आणि भराभर येते.

गरज नसताना लादली, तर काय होतं तेही आपण पाहिलं. २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. त्यांच्या तक्रारींत एक मोठी तक्रार पोषण ट्रॅकर ॲपमधल्या इंग्रजीची होती. ज्या बाया गावातल्या प्रत्येक लेकराचं वजन तोंडपाठ सांगतात, त्या पडद्यापुढे अडाणी ठरत होत्या. त्यांचा आवाज योग्यच होता. काम मराठीत व्हायला हवं. आणि तरीही त्यांतल्या कुणाला इंग्रजी शिकावंसं वाटलं, तर तिला वय आडवं येऊ नये. सावित्रीबाई फुले लग्नानंतरच अक्षरं शिकल्या, आणि १८५४ साली त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह आला, त्यात इंग्रजी शिका असं सांगणारी कविता आहे. पहिल्या शिक्षिकेने आपल्याला दिलेला हा निरोप एका वयापुरता नव्हता.

मग करायचं काय?

२०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा शिकवावी की नाही, यावरून राज्यभर रान पेटलं. जूनअखेर सरकारला ते आदेश मागे घ्यावे लागले. त्या गदारोळात भाषा किती आणि कोणत्या, यावर सगळे बोलले. शिकवणार कोण आणि कोणत्या वर्गावर, यावर फार कमी बोललं गेलं. आमचं म्हणणं सरळ आहे. पहिली-दुसरीचं इंग्रजी राहू द्या. पण ते कानाचं आणि तोंडाचं असू द्या, लिहिण्याचं ओझं नको, आणि समजावणं पोराच्या घरच्या भाषेत. शाळेतल्या सर्वांत चांगल्या इंग्रजी शिक्षकाला दहावीसाठी राखून ठेवू नका, त्याला सहावीवर पाठवा. चार-पाच वर्षांनी दहावीचा निकाल आपोआप बोलेल. आणि आश्रमशाळांत पाचवी ते सातवीला इंग्रजीचा शिक्षक नसणं, ही अडचण म्हणून खपवून घेऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीत आईपालक असतात, त्यांनी हा प्रश्न सभेत विचारावा आणि इतिवृत्तात लिहून घ्यावा.

घरी शिकवणी घेणाऱ्या मैत्रिणींनाही एक सांगणं. आपल्यापैकी कितीजणी शिकल्या-सवरल्या, नोकरी मिळाली नाही म्हणून बैठकीत सतरंजी टाकून शिकवतात. दहावीच्या बॅचला पैसे मिळतात, मान्य. पण सोबत सहावीची एक बॅच घ्या. फी थोडी कमी घ्या, पुस्तक थोडं बाजूला ठेवा. पुडे, पोती, पाट्या, नाटकं, जे हाताशी असेल ते घ्या. आणि एक नियम ठेवा, चुकलेल्याला कुणी हसायचं नाही. बाईंनीही नाही.

आणि ज्या फक्त आई आहेत, इंग्रजी ज्यांना येत नाही, त्यांनी काय करायचं? लेकीला शिकवायला बसू नका, तिच्याकडून शिका. संध्याकाळी पोळ्या लाटताना म्हणा, ‘आज काय शिकलीस ते मले शिकव.’ अकरा वर्षांच्या मुलीला आईची मास्तरीण व्हायला मिळालं, तर ती तो धडा जन्मात विसरत नाही. त्यात आईलाही चार शब्द येतात, ते फायद्यातच.

विदर्भातल्या शाळा उन्हापायी जूनच्या शेवटी उघडतात, लगोलग रोवणी येते. यंदा रोवणीच्या दिवसांत सहावीतल्या मुलीला धाकट्यासाठी घरी ठेवायची वेळ आली, तर एवढं मनात आणा. तिच्या बोलण्यात लाज शिरायला अजून वर्ष-दीड वर्ष आहे. तेवढ्यात जे शिकून होईल, तेच पुढे दहावीत तिच्या कामी येणार आहे. तिचा एक दिवसही बुडू देऊ नका.